यंत्राची मोजणी आणि तिचें वाचन

दर महिन्याला विजेच्या मीटरचा आंकडा टिपणारा मनुष्य आपल्या दारीं येतो. तो मीटरसमोर क्षणभर उभा राहतो, आंकडा टिपतो आणि निघून जातो. त्या एका आंकड्यावरून आपण या महिन्यांत किती वीज वापरली, हें त्याला तेथें उभ्याउभ्या सांगतां येत नाहीं. मीटर भिंतीवर बसला त्या दिवसापासूनची सारी वीज त्यांत एकत्र मोजलेली असते. गेल्या महिन्याचा आंकडा हाताशीं असेल तरच दोहोंची वजाबाकी होते, आणि त्या वजाबाकीचें बिल आपल्या हातीं पडतें. मोजण्याचें काम मीटर करतो, वाचण्याचें काम मनुष्य करतो, आणि चुका बहुधा या दुसऱ्या कामांत होतात.

आज मी आपणांपुढें जो इतिहास मांडणार आहें, तो अशाच एका मोजणीचा आहे. संगणक आपल्या पोटांत आपल्याच कामाचा हिशेब कसा ठेवूं लागला, तो हिशेब बाइटांच्या एका लांबलचक रांगेच्या रूपानें कसा बाहेर येऊं लागला, आणि ती रांग वाचण्यासाठीं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना 'क्लास' नांवाची खास रचना कां करावी लागली, हें मला सांगावयाचें आहे. मी मॅट्रिक झालेला, उभें आयुष्य मराठी शाळेंत अंकगणित शिकविण्यांत घालविलेला निवृत्त शिक्षक. या विषयाशीं माझी गांठ माझ्या सूनबाईंमुळें पडली. प्रोग्रॅम लिहिणें हा तिचा व्यवसाय. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती पडद्यावरील अंकांच्या रांगेकडे टक लावून बसली होती. मीं विचारलें, "काय आहे ग हें?" ती म्हणाली, "बाबा, यंत्र किती थकलें आहे, तें यंत्र स्वतःच सांगतें आहे. पण तें काय म्हणतें, तें मला वाचतां येत नाहीं." त्या वाक्यानें माझें कुतूहल जागें झालें, आणि त्या कुतूहलापोटीं जें वाचलें, विचारलें, त्याचें सार मी आज आपणांस सांगतों.

यंत्राकडून मोजणी करून घेण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. फ्रान्समध्यें ब्लेझ पास्कल यानें १६४२ सालीं, करवसुलीच्या हिशेबांत बुडालेल्या आपल्या वडिलांच्या सोयीसाठीं, दांतेरी चाकांचें बेरजेचें यंत्र करावयास घेतलें. एक चाक नवावरून शून्यावर आलें कीं शेजारचें चाक एक घर पुढें सरके. हातचा एक यंत्रानेंच धरावा, ही ती युक्ति.

परंतु यंत्राला स्वतःच्याच कामाचा हिशेब ठेवावयास लावल्याचें प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडांतील आहे. मॅथ्यू बोल्टन आणि जेम्स वॅट यांची भागीदारी १७७५ सालीं सुरू झाली. कॉर्नवॉल प्रांतांतील खाणींतून पाणी उपसण्यासाठीं त्यांचीं वाफेचीं एंजिनें बसूं लागलीं. त्या प्रांतांत कोळसा निघत नसे. तो वेल्समधून समुद्रमार्गें आणावा लागे, म्हणून कोळशाची बचत म्हणजे रोकड पैसा. करार असा होता कीं, जुन्या पद्धतीच्या एंजिनाच्या मानानें जेवढा कोळसा वांचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा बोल्टन आणि वॅट यांना द्यावयाचा. आतां वांचलेला कोळसा डोळ्यांना दिसत नाहीं, मग त्याचें माप घ्यावयाचें कसें? एंजिनाची तुळई किती वेळां खालीं-वर झाली, हें मोजणारा काउंटर एका कुलुपबंद पेटींत बसविण्यांत आला. कुलूप अशासाठीं कीं, कोणीं आंकडा मागें-पुढें करूं नये.

पेटी मात्र एवढेंच सांगे कीं, तुळई इतके वेळां हालली. एका हेलकाव्यामागें कोळसा किती वांचला, हें पेटींत कोठेंच लिहिलेलें नव्हतें. तें दोन्ही पक्षांनीं पेटीच्या बाहेर, आधींच ठरवून ठेवावें लागे. आंकड्याचा अर्थ आंकड्यांत नसतो, तो त्याबद्दल ठरलेल्या करारांत असतो. पुढील सारा इतिहास या एका गोष्टीभोंवतीं फिरतो, म्हणून ती आपण ध्यानांत ठेवावी अशी माझी विनंति आहे.

आतां संगणकाकडे वळूं. संगणकाच्या माहितीचा सर्वांत लहान कण म्हणजे 'बिट': होय किंवा नाहीं, एक किंवा शून्य. क्लॉड शॅनन यानें १९४८ सालच्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधांत हा शब्द रूढ केला आणि तो सुचविल्याचें श्रेय जॉन टुकी यास दिलें. अशा अनेक बिटांच्या समूहाला 'बाइट' हें नांव वर्नर बुकहोल्ट्झ यानें १९५६ सालीं आयबीएम कंपनीच्या 'स्ट्रेच' या यंत्राची आंखणी चालली असतां दिलें. प्रारंभीं बाइटांतील बिटांची संख्या ठराविक नव्हती. १९६४ सालीं त्याच कंपनीनें 'सिस्टिम ३६०' हीं यंत्रें जाहीर केलीं. त्यांत बाइट आठ बिटांचा होता, आणि पुढें जगानें तेंच माप मान्य केलें. आठ बिटांच्या एका बाइटांत शून्यापासून २५५ पर्यंतची कोणतीहि एक संख्या मावते. बाइटांची रांग म्हणजे अशा लहान घरांची चाळ समजा. प्रत्येक घरांत एक संख्या राहते, परंतु दारावर पाटी कोणाच्याहि नाहीं.

एका घरांत न मावणारी संख्या दोन, चार किंवा आठ घरांत वांटून ठेवतात, आणि येथेंच पहिली अडचण उभी राहते. समजा, शेजारशेजारच्या दोन घरांत १ आणि ४४ असे आंकडे आहेत. पहिलें घर मोठ्या स्थानाचें मानलें तर २५६ अधिक ४४, म्हणजे ३०० झाले. पहिलें घर लहान स्थानाचें मानलें तर ४४ गुणिले २५६ अधिक १, म्हणजे ११,२६५ झाले. घरें तींच, आंकडे तेच. वाचनाची दिशा बदलली आणि तीनशेंचे सव्वा अकरा हजार झाले.

आपणां मराठी माणसांना हा घोटाळा परका नाहीं. आपण '२५' लिहितांना दशक आधीं लिहितों आणि 'पंचवीस' म्हणतांना पांच आधीं उच्चारतों. पहिली-दुसरीच्या वर्गांत 'पंचवीस' ऐकून '५२' लिहिणारीं मुलें मला दरवर्षीं भेटत. त्यांना मीं कधीं मठ्ठ म्हटलें नाहीं, कारण कानांनीं ऐकलेल्या क्रमाशीं तीं प्रामाणिक होतीं. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'एकवीस' याच्या जोडीला 'वीस एक' असें वाचन देण्यांत आलें, तेव्हां महाराष्ट्रांत केवढा वाद माजला, तें आपणांस आठवत असेल. संगणकाच्या जगांतहि असेच दोन पंथ झाले. आयबीएमचीं 'सिस्टिम ३६०' यंत्रें मोठें टोंक आधीं ठेवीत. इंटेल कंपनीची १९७८ सालची ८०८६ ही चकती लहान टोंक आधीं ठेवी. डॅनी कोहेन यानें १ एप्रिल १९८० रोजीं या वादावर एक खुसखुशीत टिपण लिहिलें आणि दोन्ही पंथांना जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या गलिव्हरच्या प्रवासवर्णनांतून नांवें दिलीं. त्या कथेंत अंडें मोठ्या टोंकाकडून फोडावें कीं लहान, यावरून दोन पक्ष भांडतात. कोहेनचा मुद्दा सरळ होता: कोणतें टोंक आधीं, हें महत्त्वाचें नाहीं, सर्वांचें एकमत होणें महत्त्वाचें आहे.

इतकी पूर्वपीठिका झाल्यावर आपण १९९३ या वर्षाशीं येऊन पोंचतों. या वर्षीं दोन गोष्टी घडल्या. पहिली ही कीं, इंटेलनें 'पेंटियम' ही चकती बाजारांत आणली. तिच्या पोटांत चकतीच्या कामाची मोजणी करणारे काउंटर होते. एक चौसष्ट बिटांचा काउंटर घड्याळाचा प्रत्येक ठोका मोजी. आणखी दोन, चाळीस बिटांचे काउंटर होते. हवी ती माहिती जवळच्या स्मृतींत न सांपडल्यामुळें दूर किती वेळां धांवावें लागलें, यासारख्या अनेक घटनांपैकीं सांगाल त्या दोन घटना ते मोजीत. परंतु त्यांचा उपयोग कसा करावा, हें इंटेलच्या जाहीर पुस्तकांत नव्हतें. तें 'परिशिष्ट एच' या भागांत होतें, आणि गुप्ततेच्या करारावर सही केल्याशिवाय तें परिशिष्ट कोणास मिळत नसे. वॅटच्या पेटीचें कुलूप आंकडा राखण्यासाठीं होतें. हें कुलूप आंकड्याच्या वाचनालाच लावलेलें होतें.

तें फार काळ टिकलें नाहीं. नॉर्वेंतील तेर्ये माटिसेन यानें स्वतः प्रयोग करून या काउंटरांचा छडा लावला आणि जुलै १९९४ मध्यें आपला शोध 'बाइट' याच नांवाच्या मासिकांत छापून जगापुढें ठेवला. पुढील 'पेंटियम प्रो' चकती १९९५ सालीं आली, तेव्हां असे काउंटर वाचण्याची आज्ञा इंटेलनें उघडपणें पुस्तकांत छापली. यंत्र ज्यांनीं विकत घेतलें, त्यांना त्या यंत्राचा हिशेब वाचतां आलाच पाहिजे, हा या प्रसंगाचा धडा मला मोठा वाटतो.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीं जुलैमध्यें घडली. मायक्रोसॉफ्टनें 'विंडोज एनटी' ही प्रणाली प्रसिद्ध केली. तिनें चकती, स्मृति, तबकडी आणि चालूं असलेला प्रत्येक प्रोग्रॅम या सर्वांच्या कामाचे आंकडे एकत्र मागण्याची सोय ठेवली. प्रोग्रॅमनें मागणी करावी आणि प्रणालीनें बाइटांची एक रांग त्याच्या हवालीं करावी, अशी ती योजना. रांग ठेवण्यास दिलेली जागा अपुरी पडली तर 'आणखी माहिती शिल्लक आहे' असें उत्तर येतें. मग मोठें भांडें घेऊन पुन्हां जावें लागतें.

माझ्या सूनबाई त्या रात्रीं जिच्याशीं झगडत होती, ती हीच रांग. पुढें तिनें ती मला घराघरानें वाचून दाखविली. पहिल्या आठ घरांत खूण म्हणून पी, ई, आर, एफ हीं चार अक्षरें प्रत्येकीं दोन घरांत बसलेलीं असतात. ती खूण दिसली नाहीं तर पुढें वाचूंच नये. त्यानंतर लहान टोंक आधीं आहे कीं नाहीं, याची नोंद येते. कोहेनच्या विनंतीला दिलेला हा जणूं मान होय. पुढें रांगेची एकंदर लांबी. मग एकेक विभाग, आणि प्रत्येक विभागाच्या आरंभीं त्याची स्वतःची लांबी, म्हणजे नको असलेला विभाग ओलांडून पुढच्यावर उडी घेतां येते. नंतर त्या विभागांतील प्रत्येक काउंटरचें वर्णन: त्याच्या नांवाचा क्रमांक, त्याचा प्रकार, तो किती घरें व्यापतो आणि आरंभापासून कितव्या घरांत बसला आहे. नांवें या रांगेंत मुळींच नसतात. तीं निराळ्या कोष्टकांत असतात, आणि प्रत्येक भाषेचें कोष्टक वेगळें. २३८ म्हणजे 'प्रोसेसर' आणि ६ म्हणजे त्याच्या वेळेचा शेंकडा, हें त्या इंग्रजी कोष्टकावरून कळतें.

हें वाचन प्रत्येकानें प्रत्येक वेळीं नव्यानें करावयाचें ठरलें, तर चुकांना सुमार राहणार नाहीं. त्यावरचा उपाय म्हणजे क्लास. मराठींत आपण त्याला वर्ग म्हणूं, आणि शिक्षकाला हा शब्द आवडावा यांत नवल नाहीं. ही कल्पनाहि नॉर्वेचीच. ओस्लो येथें ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन नीगोर या दोघांनीं १९६७ सालच्या 'सिम्युला' भाषेंत ती प्रथम आणली. माहिती आणि ती माहिती हाताळण्याची रीत या दोन्ही एका छपराखालीं ठेवाव्या, आणि बाहेरच्यानें फक्त दारावर येऊन प्रश्न विचारावा, असें तिचें थोडक्यांत स्वरूप आहे. बाइटांची रांग आंत घेऊन खूण तपासणें, दिशा ओळखणें, लांब्या मोजणें, उड्या घेणें, हें सर्व वर्गाच्या आंत चालतें. बाहेरच्याला मिळतें तें एक नांव आणि एक संख्या. २००२ सालीं मायक्रोसॉफ्टनें 'डॉट नेट' ही चौकट आणली, तींत तर 'परफॉर्मन्स काउंटर' याच नांवाचा वर्ग तयार करून दिला. मोडी कागदांच्या रुमालांपुढें बसणारा जाणता वाचक जसा कागद उलगडून त्यांतला मजकूर सांगतो, तसा हा वर्ग.

परंतु रांग बिनचूक वाचली तरी अर्थ बिनचूक लागतोच असें नाहीं. बहुतेक काउंटर विजेच्या मीटरसारखे आरंभापासूनची बेरीज सांगतात. दोन वेळां वाचून, वजाबाकी करून, मधल्या वेळानें भागल्यावर दर हातीं येतो. कांहीं काउंटर मात्र बेरीज नसून त्या क्षणाचीच स्थिति दाखवितात. त्यांची वजाबाकी केली तर अनर्थ. सर्वांत मौजेची गोष्ट मघां सांगितलेल्या क्रमांक ६ ची. प्रोसेसरच्या विभागांत हा काउंटर मुळांत चकतीचा रिकामा वेळ मोजतो, आणि तो शंभरांतून वजा करून कामाचा शेंकडा काढावयाचा असतो. प्रकाराच्या घरांतील खूण न पाहतां वाचणारा मनुष्य आळसालाच काम समजून बसेल!

हें ऐकतांना मला माझीच एक चूक आठवली. दोन दशकांपूर्वींची गोष्ट. शाळेंत शिजणाऱ्या खिचडीच्या तांदळासाठीं दर महिन्याला मुलांच्या हजेरीचा तक्ता वर पाठवावा लागे. त्यांत 'या महिन्यांत' आणि 'आजपर्यंत' असे दोन रकाने असत. एके महिन्यांत मीं घाईनें महिन्याचाच आंकडा 'आजपर्यंत' या रकान्यांत भरला. माझी मोजणी चोख होती. एकहि मूल कमी-अधिक नव्हतें. कचेरींत मात्र त्यांतून मागच्या महिन्याची एकंदर वजा झाली, आणि आमच्या शाळेंत त्या महिन्यांत मुलें जेवलींच नाहींत असें ठरलें. पुढील महिन्याचा तांदूळ आला नाहीं. तो येईपर्यंत आम्हीं गांवांतून धान्य गोळा करून चूल पेटती ठेवली. चुकीच्या रकान्यांतला खरा आंकडा खोट्या आंकड्याइतकाच घात करतो, हें मीं तेव्हां शिकलों.

माझ्या चुकीनें कांहीं दिवस मुलांचें हाल झाले, एवढ्यावर निभावलें. इतरत्र याहून मोठी किंमत द्यावी लागली आहे. प्रत्येक काउंटरला सीमा असते. चार बाइटांचा काउंटर ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि पुन्हां शून्यावर येतो. तो सेकंदाचा हजारावा भाग मोजीत असेल तर ४९.७ दिवसांत ही सीमा गांठतो. १४ सप्टेंबर २००४ रोजीं अमेरिकेंत दक्षिण कॅलिफोर्नियावरील विमानांशीं नियंत्रकांचें बोलणें एकाएकीं तुटलें. बोलण्याची व्यवस्था पाहणाऱ्या संगणकाच्या काउंटरनें हीच सीमा गांठली होती. दर तीस दिवसांनीं संगणक बंद करून पुन्हां चालूं करावा, असा उपाय ठरलेला होता. त्या वेळीं तो राहून गेला. सुदैवानें विमानांची टक्कर झाली नाहीं.

सौदी अरेबियांत धाहरान येथें, त्यापूर्वीं १९९१ सालच्या युद्धांत, दैव एवढें अनुकूल नव्हतें. तेथील पॅट्रियट क्षेपणास्त्रांच्या तळावरील संगणक सेकंदाचे दशांश मोजीत असे. ती मोजणी पूर्णांकांत होती आणि अचूक होती. परंतु तिचे सेकंद करतांना एक दशांशानें गुणावें लागे, आणि एक दशांश ही संख्या दोनच्या पद्धतींत पुरती लिहितां येत नाहीं, जशी आपल्या दशांश पद्धतींत एक तृतीयांश पुरती लिहितां येत नाहीं. चोवीस बिटांपुढील शेपूट कापलें जाई. ही कापणी क्षुल्लक, पण यंत्र जितका वेळ चालूं राही तितकी ती वाढे. शंभर तासांनंतर ती सुमारें एकतृतीयांश सेकंद झाली. तेवढ्या वेळांत स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढें जातें. इस्रायलकडून या दोषाची माहिती ११ फेब्रुवारीस आली होती. दीर्घकाळ यंत्र चालूं ठेवल्यास चूक संभवते, असा इशारा २१ फेब्रुवारीस तळांना गेला, परंतु दीर्घकाळ म्हणजे किती तास, हें त्यांत नव्हतें. २५ फेब्रुवारीस संगणकानें भलत्याच ठिकाणीं आकाश न्याहाळलें, आणि बराकीवर पडलेल्या स्कडनें २८ सैनिकांचे प्राण घेतले. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम धाहरानला पोंचला तो दुसऱ्या दिवशीं, २६ फेब्रुवारीस.

श्रोतेहो, त्या तळावरचा काउंटर एकदांहि चुकला नव्हता. चुकलें तें त्याचें वाचन, आणि त्याहूनहि अधिक, वाचनाची मर्यादा स्पष्ट शब्दांत सांगण्याचें राहून गेलें. 'फार वेळ' असें न लिहितां कोणीं 'आठ तास' असें लिहिलें असतें, तर यंत्र मध्येंच बंद करून पुन्हां चालूं करणें कठीण नव्हतें.

म्हणून, आपल्या घरांतील मुलें आज असे वर्ग लिहीत असतील, तर त्यांना आपण एवढेंच विचारावें: तुमची रांग कोठून सुरू होते, कोणतें टोंक आधीं येतें, आंकडा बेरजेचा कीं त्या क्षणाचा, त्याचें एकक कोणतें, आणि तो केव्हां शून्यावर येतो, हें पुढच्याला कळेल अशा शब्दांत तुम्हीं लिहून ठेवलें आहे काय? माझ्या सूनबाईनें तिच्या वर्गाच्या माथ्यावर या पांचहि प्रश्नांचीं उत्तरें लिहिलीं आणि मला दाखविलीं. मीं तीं वाचलीं, आणि मॅट्रिक झालेल्या माणसालाहि तीं समजलीं, याचें तिला समाधान वाटलें. मला तर वाटलेंच. येथेंच मी आपली रजा घेतों.